दोन घरं उजळ

सकाळपासून कोरडं वारं सुटलं होतं. असं वारं असलं की फोटोच्या दुकानात आधी फडकं हातात घ्यायचं, बाकीचं मग. वहिनींनी शटर अर्धंच वर केलं, वाकून आत शिरल्या आणि दर्शनी कपाटाच्या काचेवरची धूळ ओल्या फडक्यानं टिपायला लागल्या. पुसायची नाही, टिपायची. पुसली की काचेवर रेघोट्या उठतात, आणि रेघोट्यांमागचा नवरदेव भर पावसात उभा राहिल्यासारखा दिसतो.

वहिनी म्हणजे गल्लीतल्या सगळ्यांच्याच वहिनी. त्यांच्या नवऱ्याहून वयानं मोठे असलेले शेजारचे चष्मेवाले नानासुद्धा त्यांना वहिनीच म्हणत. दुकान सासऱ्यांचं. कॅमेऱ्यामागे नवरा उभा राही, पण कॅमेऱ्यातून निघालेला माणूस गिऱ्हाइकाच्या हातात द्यायजोगा करायचा तो वहिनींनी. "फोटो हे काढतात, माणूस मी काढते," असं त्या म्हणायच्या, आणि नवरा ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचा.

हे काम त्यांना सासऱ्यांनी शिकवलं. म्हाताऱ्याचं एकच सांगणं होतं. आरसा प्रत्येकाच्या घरी असतो. लोक आपल्याकडे येतात ते आरशाला कंटाळून, तेव्हा त्यांना परत आरसाच विकू नये. आधी बारीक ब्रश होता, रंगाच्या बाटल्या होत्या, भिंगाखाली मान मोडेपर्यंत बसणं होतं. पुढे कॉम्प्युटर आला. त्यात उजेडाची एक सरकपट्टी होती आणि तिच्यावर खुणा होत्या. वहिनी त्या खुणांना घरं म्हणायच्या, विणकामात म्हणतात तशी. कुणीही येऊ दे, फोटो पडद्यावर आला की वहिनींचा हात पट्टीवर जायचा. दोन घरं उजळ. गल्लीनं त्याला नावच पाडलं होतं, उजळणी. "फोटो काढून झालाय, उजळणीला टाकलाय," असं लोक एकमेकांना सांगायचे.

त्यांची स्वतःचीही उजळणी याच दुकानात झाली होती. लग्नाआधी भलत्याच एका स्थळाला पाठवायचा म्हणून त्या इथं फोटो काढायला आल्या. मुळात सावळ्या. सासऱ्यांनी फोटो उजळला, वाळत घातला, आणि संध्याकाळी त्यांच्या वडिलांच्या दारात जाऊन स्वतःच्याच मुलासाठी मागणी घातली. "रंगात फसवलं असं उद्या कुणी म्हणायला नको. मूळ मी बघितलंय," म्हणाले.

तर अशी ही बाई. आपल्याकडे भेदभाव नाही, याचा तिला मनातून अभिमान होता. अलीकडचा असो की पुलापलीकडचा, सगळ्यांना सारखं. दोन घरं.

पुलापलीकडे राहणारी माणसं तिथं पिढ्यान्‌पिढ्या होती, तरी त्यांना पलीकडचेच म्हणायचे. त्यांचे पणजोबा कुठूनसे लांबून गोदीत ओझी वाहायला आले. रंगानं गडद, केसांनी दाट कुरळे. गोदी बंद पडली, माणसं राहिली. त्यांच्यातला एक पोरगा शीतगृहात पेट्या उचलायचा. बाजारातलं सायकलींचं दुकान फुटलं तेव्हा रखवालदारानं पोलिसांना एवढंच सांगितलं होतं की एक काळा पोरगा पळताना बघितला. पोलिसांनी बसथांब्यावर उभा असलेला हा पोरगा उचलला आणि कोठडीत टाकला. तेव्हापासून पुलावरून रोज मोर्चा यायचा. शांतपणे यायचा, बाजारातून जायचा, ठाण्यासमोर बसायचा. हातातल्या फलकांवर लिहिलेलं असायचं, 'रंग हा पुरावा नाही'.

त्या सकाळी वहिनी काच टिपत होत्या तेव्हा समोरच्या विजेच्या खांबावर त्या पोराचा फोटो छापलेला एक नवा कागद फडफडत होता. किल्लीवाला तो चार बाजूंनी चिकटवत होता. किल्लीवाला पलीकडचाच. नानांच्या दुकानाच्या पायरीला लागून त्याचं लाकडी खोकं, वर किल्ल्यांच्या माळा.

नाना बाहेर येऊन हात मागे बांधून उभे राहिले. "हाच का तो तुमचा?"

"हाच."

"मग एक विचारू? रागावू नकोस."

"नाना, तुम्ही रागावू नकोस म्हणालात की मी आधीच रागावून ठेवतो. विचारा."

"हा काळा कुठंय? चांगला गव्हाळ दिसतोय. माझा पुतण्या याच्यापेक्षा काळा आहे. मग रंगावरून धरला, रंगावरून धरला, हे काय चालवलंय तुम्ही? पोलिसांनी दुसरं काहीतरी बघितलं असणार."

किल्लीवाल्यानं कागदाकडे बघितलं, जणू पहिल्यांदाच. "फोटोत तसा आलाय," म्हणाला.

"फोटो काय खोटं बोलतो? आणि मला विचारशील तर मला माणसाचा रंग दिसतच नाही. मी माणूस बघतो."

"रंग दिसत नसेल तर तपासून घ्या, नाना. दुकान घरचंच आहे."

येणारे-जाणारे दोघंतिघं हसले. नानाही हसले, पण त्यांचं म्हणणं जागच्या जागी राहिलं. वहिनी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी कपाळावरची ती मऊ तकाकी ओळखली होती, गालाच्या कडेला सावली पुसताना त्या जे वळण द्यायच्या ते ओळखलं होतं. फोटो त्यांच्या दुकानातला होता. नोकरीच्या अर्जासाठी काढलेला. उजळणी त्यांची.

दुपारी त्याची आई आली. ती रुग्णालयाच्या धुलाईत कामाला होती, चादरी आणि गाद्यांच्या खोळी उकळायची. पिशवीतून तिनं चौकट काढून काउंटरवर उताणी ठेवली.

"ताई, हा जसा होता तसा करून द्या."

"फाटलाय का कुठं?"

"फाटला नाही. माझा नाही तो." बाई स्टुलावर बसली. "काल ठाण्यासमोर एक माणूस ह्याच फोटोवरून मोर्चासाठी छापलेला कागद नाचवत होता. म्हणाला, हे बघा, ह्याला काळा कोण म्हणेल, ही बया उगाच छाती बडवते. मी त्याला काय सांगू? फोटो तर माझ्याच घरातला."

"दुसरा एखादा असेल ना?"

"शाळेचा आहे. सगळ्या वर्गाचा. त्यात ह्याचं डोकं मोहरीएवढं, आणि बाजूचा हलला म्हणून तेही अर्धंच."

वहिनींनी कॉम्प्युटर चालू केला, पण मूळ काही मिळणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. जागा पुरत नाही म्हणून उजळलेला फोटो त्या आधीच्याच्या जागी साठवायच्या. मूळ त्यात पुसलं जायचं. म्हणजे पोराचा खरा चेहरा जगात आता एका ठिकाणी होता, कोठडीत, आणि तिथं कॅमेरा न्यायला बंदी होती.

"मी तुम्हाला न विचारता केलं होतं हे," त्या म्हणाल्या.

"विचारलं असतं तर हो म्हणाले असते. मला आवडला होता की. भिंतीला लावला. तोच म्हणायचा, आई, हा कोण पाहुणा टांगलायस? जेवायला तरी बोलाव त्याला." बाईचं हसू ओठांपर्यंत आलं आणि तिथंच थांबलं. "आज बाजाराच्या मंडळाची बैठक आहे. चोरी तुमच्या बाजारात झाली. तुमचा बाजार ठाण्यात जाऊन बोलला, की बाबांनो, काळा पोरगा एवढ्यावर कुणाला डांबून ठेवू नका, तर साहेब ऐकतील. आमचं ऐकायचं त्यांना कारण नाही. पण बैठकीत हाच कागद दाखवणार आहेत म्हणे."

नवरा आतल्या पडद्यामागून सगळं ऐकत होता. त्यानं वहिनींना खुणेनं आत बोलावलं.

"अगं, फोटो करून दे, पण बैठकीत वगैरे पडू नकोस. आपण दुकानदार. दुकानाला बाजू नसते."

"दुकानाला नसेल. पट्टीला आहे. ती नेहमी एकाच बाजूला सरकते."

"तू लोकांच्या भल्यासाठी करतेस."

"तेच तर," वहिनी म्हणाल्या आणि बाहेर आल्या.

त्यांनी बाईला स्टूल घेऊन शेजारी बसवलं. पट्टी दोन घरं मागे सरकवली. त्यांना वाटलं होतं, जसं चढवलं तसं उतरेल. पण उतरलं ते वेगळंच. उजळलेल्या गालात आता रंगच शिल्लक नव्हता, नुसती राख उरली.

"हा तापातनं उठलाय," आई म्हणाली.

वहिनींनी थोडा तांबूस घातला.

"आता दारू प्यायलेला दिसतो."

तपकिरी घातला, तांबूस कमी केला.

"हा माझा दीर. पण दीर गेला, त्याला नका उठवू."

दोघी हसल्या. मग बराच वेळ नुसतं सरकवणं चालू राहिलं. थोडं इकडे, थोडं तिकडे. बाईला सांगता येत नव्हतं, आणि वहिनींना न सांगता कळत नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांनी कुणाचा चेहरा गडद केलाच नव्हता. हाताला ती वाटच ठाऊक नव्हती. उजळ करताना बोटं आपोआप थांबायची, इथं कुठं थांबायचं ते कळेना. जरा पुढे गेलं की डोळे बुडायचे, जरा मागे आलं की पाहुणा परत यायचा.

"तुमच्यावर गेलाय का तो?" वहिनींनी विचारलं.

"माझ्यावरच." बाईनं पडद्याशेजारी हात धरला. मग स्वतःच मान हलवली. "हा नको. हा साबणानं खाल्लाय." तिनं बाही वर केली, कोपराच्याही वर, जिथवर धुलाईचं पाणी पोचत नव्हतं. "हे बघा. हे मी. तो ह्याच्यापेक्षा इतकुसा वर. चुलीवरचं भांडं असतं ना, बुडाचं नव्हे, बाजूचं. तसा. आणि चमक आहे त्याला."

त्या दंडाकडे बघत वहिनींनी कपाळापासून पुन्हा सुरुवात केली. सासऱ्यांनी शिकवलं होतं ते सगळं उलटं. गालाच्या कडेची सावली परत आणली. नाकाशेजारची तकाकी जपली, पण ती आता पावडरीसारखी न दिसता घामासारखी दिसू लागली. हनुवटीवर एक जुनी खोक त्यांनी तेव्हा मिटवली होती, ती आईनं बोट ठेवून सांगितली तिथं परत काढली. डोळे उलट जास्त उघडले. गडद चेहऱ्यात पांढरं जास्त बोलतं, हे वहिनींना पहिल्यांदा दिसलं.

"थांबा," आई म्हणाली.

वहिनी थांबल्या.

बाईनं बाही खाली केली, बटण लावलं, आणि पडद्यासमोरून उठायचं म्हणून दोनदा उठली आणि दोनदा परत बसली.

मंडळाची बैठक किराणा गोदामाच्या वरच्या खोलीत असायची. घडीच्या खुर्च्या, मध्ये एक पंखा, तो चालू केला की समोरच्याचे कागद उडायचे म्हणून बंदच. अध्यक्ष नाना. पुढच्या रांगेत सायकलवाला बसलेला, तो बिचारा प्रत्येकाला सांगत होता की मला कुणाशी वैर नाही, मला माझ्या सायकली पाहिजेत. पलीकडच्यांपैकी किल्लीवाला आणि ती आई, दोघं दाराशी उभे. बसा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. बसू नका असंही कुणी म्हटलं नव्हतं.

बोलणी तशी सभ्यपणे चालली. कापडवाला म्हणाला, सगळे सारखेच, ह्यात वाद नाही, पण मोर्च्यानं धंदा बसतो. भांड्यांच्या दुकानातल्या काकू म्हणाल्या, सारखे आहेत तर मग एकालाच का उचललं, माझ्या मुलाला का नाही, तो पण तिथंच थांब्यावर असतो. कापडवाला म्हणाला, काकू, तुमचा मुलगा चोर दिसत नाही. "दिसत नाही म्हणजे नेमकं काय दिसत नाही?" काकूंनी विचारलं.

नानांनी घसा खाकरला. "हे बघा, आपण ठाण्यात गेलो आणि उद्या तो चोर निघाला तर बाजाराचं नाव काळं होईल."

"नाव काळं होणं इतकं वाईट असतं का हो, नाना?" दारातून किल्लीवाला म्हणाला.

"तू शब्दात पकडू नकोस." नानांनी फाइलीतून तो कागद काढला आणि सगळ्यांना दिसेल असा धरला. "भावनेचं राहू दे. डोळ्यांनी बघा. त्यांनीच छापलेला फोटो आहे. रखवालदार म्हणतो काळा, आणि हा पोरगा आहे का काळा? नाही. म्हणजे रंगावरून धरलेला नाही. संपलं."

वहिनी मागच्या रांगेत होत्या. नवरा शेजारी, त्याचा हात त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर. त्या उठल्या तेव्हा त्यानं हात काढून घेतला.

"नाना, तो रंग माझा आहे."

"काय?"

"त्या फोटोतला रंग. मी घातलाय. दोन घरं उजळ केलाय. पोरगा तसा नाही." त्यांनी पिशवीतून दुपारी काढलेली प्रत काढली आणि पुढे पाठवली. "तो असा आहे. त्याच्या आईला शेजारी बसवून केलाय."

प्रत हातोहात पुढे गेली. लोक ती आधी बघायचे, मग दाराकडे आईकडे बघायचे. नाना म्हणाले, "म्हणजे हा खोटा आणि हा खरा, हे आम्ही तुमच्या शब्दावर मानायचं? वहिनी, आज उजळ केला म्हणता, उद्या म्हणाल काळा केला. आणि ह्याच्याच फोटोला तुम्ही असं का केलं?"

"ह्याच्याच नाही. सगळ्यांच्याच करते."

हे त्या सहज बोलून गेल्या, पण ऐकणाऱ्यांना ते सहज वाटलं नाही. आधी कुणीतरी मागे फुसकन हसलं. मग कापडवाल्याची बायको कापडवाल्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "आपल्या लग्नातले पण?" कापडवाला पंख्याकडे बघायला लागला. सगळ्यांच्याच म्हणजे कुणाकुणाच्या, हा हिशेब खोलीभर प्रत्येक जण आपल्या दिवाणखान्यातल्या भिंतीवर जाऊन करू लागला.

"माझ्या मुलीचा?" नानांनी विचारलं. मुलीचं लग्न त्या फोटोवर ठरलं होतं.

वहिनी पिशवीचा बंद नीट करायला लागल्या, आणि तेच उत्तर झालं.

"मुलीचं नाव मध्ये आणायचं कारण नव्हतं."

"मी कुठं आणलं, नाना."

आणि मग जो गोंधळ झाला तो कोठडीतल्या पोरावरून झालाच नाही. कुणी म्हणालं, ही फसवणूक आहे. कुणी म्हणालं, फसवणूक कसली, आम्ही हौसेनं करून घेतो. भांडीवाल्या काकू म्हणाल्या, "मला तर ठाऊकच होतं बाई, मी आरशात रोज बघते." सायकलवाल्याला कुणीच विचारत नव्हतं. शेवटी तोच उठला. "माझी चोरी झाली," म्हणाला, "मग बोलतो मी. त्या रखवालदाराला मी विचारलं होतं, चेहरा बघितलास का? तो म्हणाला, मालक, चेहरा कशाला बघू, काळा होता. मला तेव्हा ते चालून गेलं. आता ह्या दोन फोटोंकडे बघून चालत नाही. मी ठाण्यात जातो. कुणी येतंय का?"

मतं मोजायची वेळ आली नाही, कारण अर्धे लोक जिना उतरत होते. सायकलवाल्याबरोबर काकू गेल्या, किल्लीवाला गेला, आई गेली. वहिनी गेल्या. नवरा गोदामाच्या दारापर्यंत आला, तिथं थांबला. "दुकान उघडं आहे," एवढंच म्हणाला, आणि ते खरंही होतं. नाना वरच राहिले, दोन्ही फोटो पुढ्यात ठेवून, चष्मा कपाळावर सरकवून.

ठाण्यात साहेबांनी त्यांना बाकावर बसवून ठेवलं, मग ऐकलं. लगेच काही झालं नाही. पण ज्याचं दुकान फुटलं तोच माणूस येऊन म्हणतो की ओळख पटलेली नाही, हे कागदावर घ्यावं लागलं, आणि पुढच्या तारखेला वकिलानं तेच पुढे केलं. पोरगा जामिनावर सुटला. खटला अजून होता. मोर्चा निघत राहिला, पण आता फलकांवर वहिनींनी दुरुस्त केलेला फोटोही होता.

बाजारात एकमत काही झालं नाही. नाना वहिनींशी बोलायचे, पण नमस्कारापुरतं. लग्नाचे फोटो काढायला दोन-तीन घरांनी दुसरं दुकान धरलं. काही लोक मात्र दारात येऊन चोरासारखं विचारायचे, "वहिनी, त्या फोटोत मी मुळात कसा होतो हो?" मूळ त्यांच्याकडेही नव्हतं. त्या म्हणायच्या, "बसा, पुन्हा काढू." नवरा कुरकुरत दिवे लावायचा.

वारं पडलं, ऊन चढू लागलं, तेव्हा एका दुपारी आई पोराला घेऊन आली. पोरगा उंच, दारात वाकून आत आला. काउंटरजवळच्या भिंतीवर फलकासाठी काढलेल्या प्रतीचा एक तुकडा टाचणीनं लावलेला होता. तो त्याच्याकडे बघत उभा राहिला. मग आरशात बघितलं. मग परत फोटोकडे.

"आई, तू जरा जास्त ओतलास," म्हणाला.

"काही जास्त नाही."

"बघ ना, हा माझ्यापेक्षा गडद आहे."

आईनं त्याची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला, दुकानात गिऱ्हाइकाला वळवतात तसा. "तू उतरलायस," म्हणाली. "आत ऊन कुठं होतं. ताईंनी दोन घरं केला होता, कोठडीनं एक केला."

पोरगा हसला. वहिनींना हसू आलं नाही, पण त्यांनी त्याला स्टूल दिलं, पाणी दिलं. तो पाणी प्यायला आणि शीतगृहात परत घेतील की नाही ते विचारायला जायचंय म्हणाला. उन्हात फिरलो की महिन्याभरात फोटोइतका होईन, तोवर आई सांगते ते खरं धरा, असंही म्हणाला. जाताना त्यानं भिंतीवरचा तुकडा मागितला. वहिनींनी टाचणी काढून दिला. आईनं तो पिशवीत उभा ठेवला, दुमडू नये म्हणून.

ती दोघं पुलाच्या दिशेनं गेली. वहिनींनी आतून गिऱ्हाइकांना घालायला ठेवलेला कोट आणला. सकाळी एका पोट सुटलेल्या गृहस्थांनी श्वास रोखून फोटो काढला होता आणि श्वास सोडताना मधलं बटण उडालं होतं. ते कॅमेऱ्याच्या तिपाईखाली सापडलं. वहिनी उंबऱ्याशी उजेडाला बसल्या, दोरा ओठांत धरून सुईच्या नेढ्यात ओवला आणि बटण लावायला लागल्या.